सोळाव्याची वाळू

"आणि सोळाव्या होलच्या वाळूत तीन फटके? मास्तर, हिला संघात घेतलं कुणी?"

हैबती मास्तर बाकावर बसून शेंगा सोलत होते. घरून पुडीत बांधून आणलेल्या शेंगा, सातासमुद्रापार.

शर्वाणी घोरपडेचा पारा चढला होता, आणि तो चढायला कारणही होतं. हौशी बायकांच्या गोल्फची ही जागतिक सांघिक स्पर्धा. चार दिवसांची, दर देशाच्या तिघीजणी. रोज तिघींपैकी ज्या दोघींचे फटके कमी, तेवढेच धरायचे, तिसरीचे सोडून द्यायचे. पहिले दोन दिवस शर्वाणीचे आणि अरुंधतीचे धरले, मंगल तिकोनेचे सोडले. भारत दुसरा होता.

तिसऱ्या दिवशी अरुंधती तापानं फणफणली. झालं. मंगलचे फटके धरावेच लागले, आणि संघ घसरला तो थेट पाचव्या नंबरावर.

उद्या शेवटचा दिवस. अरुंधती अंथरुणातच होती. पदक आणायचं तर मंगलला बरोबर घेऊनच आणायचं, आणि याच पदकासाठी शर्वाणीनं सहा वर्षं हाताची सालं काढली होती.

तिनं सगळा पाढा वाचला. मंगल गोगलगायीसारखी खेळते. प्रत्येक वाळूच्या खड्ड्यात दांताळं घेऊन बसते, आपली तर पुसतेच, लोकांचीही पावलं पुसते. पंचानं दोनदा तंबी दिली. बाई खेळायला आलीय की मैदान झाडायला? मघाशी जेवणघरात चार लोकांदेखत तोंडावर विचारलं, तर म्हणाली काय, चुकलं माझं. डोक्यात जाते अगदी.

मास्तर म्हणाले, हं.

चाळीस वर्षं या माणसानं साहेबलोकांच्या पिशव्या वाहिल्या, मग शिकवायला लागला. पण बोलायचं म्हटलं की जणू दात दुखतो.

"उद्या मी खेळत नाही," शर्वाणी म्हणाली. "हिच्या पायी हरायचं असेल तर मी नसलेलीच बरी. एकटीच्या फटक्यांवर संघ बाद होतो ना? होऊ दे बाद."

मास्तरांनी टरफलं पुडीत गोळा केली.

"सोळाव्याला तूही वाळूत गेली होतीस ना?"

"गेले होते. एका फटक्यात बाहेर आले. पंच घड्याळ घेऊन मानगुटीवर बसला होता, तरी."

"हं... बूट दे."

"काय?"

"उजवा."

आता मात्र तिला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. इथं पदक हातचं चाललंय आणि म्हाताऱ्याला बूट हवाय. तिनं तो काढून जवळजवळ आदळलाच.

मास्तर उठले. शेजारीच सरावाचा वाळूचा खड्डा होता, त्यात उतरले. बूट वाळूत टाचेपर्यंत दाबला आणि काढला. मग खिशातला बॉल त्या टाचेच्या खळग्यात ठेवला.

"काढ बाहेर."

एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी ती उभी राहिली. पहिला फटका मारला. बॉल खळग्यातच वळवळला. दुसऱ्याला हातभर सरकला. तिसऱ्याला बाहेर आला.

तिसऱ्याला...

शर्वाणी वाळूकडे बघत राहिली.

मास्तरांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात काठी नव्हती दिली, दांताळं दिलं होतं. वाळूत गेलेल्यानं बाहेर येताना आपली पावलं सपाट करायची, मागून येणाऱ्यासाठी; त्याचा बॉल पावलात पडला तरी त्याला तो तिथूनच मारावा लागतो. आज सोळाव्याला दांताळं पलीकडच्या काठावर पडलं होतं. पंच घाई करत होता. करेल कुणीतरी, असं म्हणून ती तशीच पुढे गेली होती. आणि तिच्या लगेच मागच्या गटात मंगल होती.

"मंगलनं सांगितलं तुम्हाला?"

"नाही. मी तिथंच उभा होतो."

"माझंच पाऊल कशावरून? किती देशांच्या बाया..."

मास्तरांनी बूट उलटा करून तळवा तिच्यापुढे धरला. संघाचे बूट. तिघींना एकाच नक्षीचे, मास्तरांनीच आणलेले. त्यातली एक सकाळपासून तापानं पडून होती.

म्हणजे मंगलनं ओळखलं होतं. ओळखून, तीन फटके खाऊन, ते पाऊल पुसून ती पुढे गेली होती. आणि जेवणघरात म्हणाली होती, चुकलं माझं.

शर्वाणीला तोंड कुठं लपवावं ते कळेना. रागही येत होता, पण आता तो कुणावर काढायचा? तिनं कोपऱ्यातलं दांताळं उचललं आणि वाळू सारखी करायला लागली. एकदा केली, तरी पुन्हा केली.

"मास्तर..." दांताळं खाली ठेवत ती म्हणाली. "उद्या मला कितव्या गटात टाकलंय?"

मास्तरांनी बूट झटकून तिच्या पायाशी ठेवला.

"उद्या मंगल तुझ्या पुढच्या गटात आहे. तू बिनघोर खेळ."