सासुरवाशिणींची खेळपट्टी

तुम्ही उभे आहात तो काळा कातळ इथून थेट त्या पलीकडच्या आंब्यापर्यंत असाच पसरलेला आहे. पहार मारली तर ठिणगी उडते, माती निघत नाही. आणि या कातळाच्या मधोमध ही बावीस यार्डांची खेळपट्टी. नीट बघा, ती एका रंगाची नाही. इथे तांबडी, तिथे करडी, मध्येच पिवळसर, त्या टोकाला जवळजवळ राखेसारखी. धारसड्याचे लोक हिला गोधडी म्हणतात. लांबून आलेले खेळाडू वाकून वाकून तपासतात, खिशातली किल्ली काढून टोचतात आणि दुपारी अठ्ठावीस धावांत बाद होऊन चहाला बसतात. त्यांना सांगतो तेच तुम्हाला सांगतो. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर पॅड बांधा.

फार वर्षांपूर्वी खाली किनाऱ्यावरच्या दीपगृहात एक विलायती साहेब होता, असं सांगतात. त्याला दिव्यात कमी आणि क्रिकेटमध्ये जास्त गती. त्यानंच या दहा गावांना सांगितलं की आमच्या मुलखात परगणे परगण्यांशी खेळतात. एकदा आपल्या दारी, एकदा त्यांच्या दारी. जिंकलं की चार गुण, सामना अनिर्णित राहिला तर एक, आणि मोसम संपला की ज्याचे गुण जास्त तो परगण्यांचा राजा. पण खेळाडू त्या परगण्यात जन्मलेला तरी हवा, नाहीतर ठरावीक काळ तिथं राहिलेला. आमच्या दहा गावांना हे फारच आवडलं. भांडायला नवा विषय मिळाला, तोही नियमांसकट. राहण्याची अट त्यांनी आपल्या परीनं बसवली, ती म्हणजे दोन पावसाळे. उन्हाळ्यात कोणीही येऊन राहील, इथला पावसाळा काढला तोच खरा गावचा.

साहेबानं एक तांब्याची ढाल करून दिली. तिच्यावर दहा गावांची नावं कोरलेली, आणि दहावं नाव धारसड्याचं.

अडचण एकच होती. आमच्या दारी खेळायला माती कुठे होती? कातळावर चेंडू टाकला तर तो म्हणे फलंदाजाच्या डोक्यावरून थेट देवळाच्या कळसावर जायचा. म्हणून धारसड्याचे सगळे सामने परगावी. दोन मोसम असे काढले. ढालीचा कारभार तेव्हा भोवडे गावच्या रावजी खोताकडे. माणूस नियमाचा पक्का, फलंदाज त्याहून पक्का. त्यानं निरोप धाडला, "येत्या शिमग्याआधी घरच्या मैदानावर एक सामना जिंकून दाखवा. नाहीतर ढालीवरचं तुमचं नाव छिन्नीनं खरवडून टाकतो."

धारसड्याचा कर्णधार होता धोंडू घवाळी. डावखुरा, हळू गोलंदाज. इतका हळू की चेंडू टाकून तो तंबाखू मळायचा म्हणतात. त्यानं ग्रामदेवतेसमोर शब्द दिला, "आई, आपल्या दारी जिंकेपर्यंत पायात वहाण घालणार नाही." चैत्रातला कातळ काय असतो ते तुमच्या बुटांना नाही कळायचं. महिन्याभरात त्याचे तळवे असे झाले की बाभळीचा काटा त्यांत शिरायचा नाही, मोडायचा. पण तळवे टणक झाले म्हणून माती उगवत नाही. गावात होती ती माती भातशेतीची, घळीतल्या चार-चार हातांच्या तुकड्यांतली. ती उपसली तर खायचं काय? त्यामुळे ती मागायची धोंडूची हिंमत होईना.

मार्ग काढला तो त्याच्या भावजयीनं, द्वारकेनं. ही द्वारका म्हणजे रावजी खोताची सख्खी धाकटी बहीण, एकवीस वर्षांपूर्वी धारसड्यात दिलेली.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही पुरुष माती मागायला गेलात तर प्रत्येक गाव हद्दीचा दगड दाखवील. माहेरी आलेल्या लेकीला रिकाम्या ओटीनं कोण पाठवतं?"

भात झोडून झाल्यावर गावातल्या त्रेचाळीस सुना माहेरी गेल्या. नऊ गावांत एकेकीनं तेच मागणं केलं. नारळ नको, तांदूळ नको, ओटीत माती घाला. आता लेकीनं ओटी पसरली की बाप हात आखडतो का? द्वारकेनं तर भावाकडे सोन्यासारख्या पाणथळाच्या शेतातली माती मागितली, तीही तीन गाड्या.

"एवढी कशाला गो?" खोतानं विचारलं.

"तुळस लावायचीय, दादा."

"तीन गाड्यांची तुळस? वृंदावन केवढं बांधलंस?"

"जरा लांबट आहे," द्वारका म्हणाली. खोत हसला आणि त्यानं स्वतः गाड्या जुंपून दिल्या.

माती आली. धोंडूनं हात जोडले, सगळी एकत्र कालवा, चाळा, मग पसरू. इथं त्रेचाळीस सुना अडल्या. पाचवलीच्या म्हणाल्या, आमच्या खाडीकाठच्या मातीत नागझरचा खडा नको. नागझरच्या म्हणाल्या, तुमच्या खारट चिखलात आमचे आजोबा बैलसुद्धा घालत नसत. एकीनंही आपलं माहेर दुसरीच्या माहेरात मिसळू दिलं नाही. शेवटी ज्या त्या गावची माती ज्या त्या जागी घातली, ठिगळाला ठिगळ. मग त्या सगळ्या ओळीनं उकिडव्या बसल्या, आणि खळं करतात तसं चोपण्यांनी चोपून, शेणकाल्यानं सारवून त्यांनी ही पट्टी अशी घट्ट केली की धोंडूनं अनवाणी टाच मारली तर टाचच दुखली.

पहिला सामना भोवड्याशी, दोन दिवसांचा, एकेक डावाचा. आमची फलंदाजी आधी. आता खरं सांगायचं तर या खेळपट्टीचं काय करायचं ते आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. एक चेंडू गुडघ्याखालून सरपटला, पुढचा कानाशी बोलून गेला, तिसरा तर वळून स्क्वेअर लेगच्या पंचाकडेच निघाला. एकसष्ट धावांत आम्ही आमच्याच दारात आडवे झालो. संध्याकाळपर्यंत भोवड्याच्या दोन बाद बेचाळीस झाल्या आणि खोत नाबाद होता. त्यानं जाता जाता छिन्नीला धार लावून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पट्टी झाडायला आल्या. धोंडू तिथंच कपाळाला हात लावून बसला होता. द्वारकेनं विचारलं, "काल चेंडू उड्या का मारत होता, कळलं का?"

"नशीब, वहिनी."

"नशीब नव्हे, नागझर! ते करडं ठिगळ बघा. डोंगरउतारावरची खडीची माती, तिच्यावरनं चेंडू उठणारच. हे पाचवलीचं. खाडीची माती ओल धरते, इथं चेंडू बसेल. आणि ते पिवळं करंबेळचं, नदीच्या गाळाचं. तिथं तुमचा चेंडू जातं फिरावं तसा फिरेल. आम्ही या मातीत लहानाच्या मोठ्या झालो, आम्हाला नाही विचारायचं?"

धोंडूनं उठून सगळ्या बायकांना गोलंदाजाच्या पाठीमागे सावलीत बसवलं.

त्या दिवशी धोंडूनं जे केलं ते या पंचक्रोशीत पुन्हा कुणी केलं नाही. उंच फलंदाज आला की पाचवली, बुटका आला की नागझर, हावरा आला की करंबेळ. मागून एक बाई नुसतं गावाचं नाव घ्यायची आणि पुढून एक दांडी जायची. खोतानं पंचांकडे तक्रार केली, "या बायका खुणा करतायत."

पंच वयानं म्हातारे, साहेबाच्या हाताखाली तयार झालेले. ते म्हणाले, "घरचं मैदान घरच्यांना ठाऊक असायचंच, रावजी. म्हणून तर दारोदार जाऊन खेळायचं."

नऊ गडी गेले. धावा झाल्या अठ्ठावन्न. जिंकायला चार हव्यात आणि समोर रावजी खोत. त्याला नागझर कळलं होतं, करंबेळ कळलं होतं, पाचवली तर त्यानं दोनदा सीमेबाहेर मारली होती. धोंडूनं मागे वळून पाहिलं. द्वारका उठून उभी राहिली.

"भावजी, भोवडं टाका."

"वहिनी, ती त्याच्याच शेतातली माती. सरळ येईल चेंडू!"

"तेच म्हणते. आज दिवसभर त्यानं सरळ चेंडू बघितलाय का?"

धोंडूनं चेंडू टाकला. भोवड्याच्या तांबड्या ठिगळावर पडून तो जराही न वळता, न उठता, न बसता, सज्जन माणसासारखा सरळ आला. खोत वळणाची वाट बघत राहिला आणि मधली दांडी उडाली.

गाव नाचायला लागलं. खोत मात्र वाकला, त्या ठिगळावरची चिमूटभर माती त्यानं बोटांत चुरली आणि हुंगली. "ही माझ्या पाणथळातली," तो म्हणाला. "आणि या पट्टीत सगळी आमच्या नऊ गावांची माती. मग हे मैदान धारसड्याचं घरचं कसं? जिंकलात ते परक्याच्या मातीवर. सामना धरत नाही मी."

पंचांनी नियमाची वही उघडली, मातीबद्दल त्यांना काही सापडेना. द्वारका डोक्यावरचा पदर सावरत खेळपट्टीवर आली.

"दादा, खेळाडूला नियम काय आहे?"

"जन्म तरी गावातला, नाहीतर दोन पावसाळ्यांची वस्ती."

"मी इथं एकवीस पावसाळे काढले. उद्या मला खेळायला उतरवलं तर कुठल्या गावाकडून?"

खोत नियमाचा पक्का होता, हे मी सांगितलंच. त्याला उत्तर द्यावं लागलं. "धारसड्याकडून."

"मग माझ्या ओटीतली माती कुठल्या गावची?"

असं सांगतात की रावजी खोतानं छिन्नी मागवली. तो ढाल मांडीवर घेऊन इथंच कातळावर बसला, आणि धारसड्याचं नाव होतं त्याच्या दुप्पट खोल कोरून त्यानं ढाल बहिणीच्या हातात दिली. "तुळस छान लागलीय," एवढंच म्हणाला.

आजही दहा गावांच्या ढालीचे सामने होतात, आणि आजही धारसड्यात लग्न करून आलेली प्रत्येक सून माहेरून मातीची ओटी आणते. पण ती लगेच खेळपट्टीत पडत नाही. दोन पावसाळे व्हावे लागतात, नियम तो नियम. गावातल्या पागड्यांच्या घरची नवी सून बार्शीकडची आहे. तिची कापसाची काळी माती त्या आंब्याखाली पोत्यात बांधून ठेवलीय, एक पावसाळा अजून बाकी आहे. या मातीवर चेंडू काय करेल, असं तिला विचारलं तर ती नुसती हसते. नाणेफेकीआधी नऊ गावांचे कर्णधार हळूच जाऊन त्या पोत्यात बोट खुपसून बघतात. बघू देत बापडे.