गाडी किती उचलायची?

"चार इंच, की एकदम सहा? तुम्ही फक्त आकडा सांगा चाचा, बाकीचं मी बघतो."

दस्तगीर मिस्त्रींनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. आकडा काही सांगितला नाही.

निवास झोरे बॉनेटला टेकून उभा होता. गाडी म्हणजे त्याच्या बापाची, कोंडिबा आबांची, जुनी पिकअप. ताकद मागच्या दोन चाकांत. पुढची दोन नुसती वाट दाखवायला. बावीस वर्षं ती कारवटवाडीचं दूध डोंगरावरून फाट्यावरच्या डेअरीत आणत होती. दोन वर्षांपूर्वी बाप गेला आणि गाडी, दूध, वाडी सगळंच निवासच्या अंगावर आलं.

याच फाट्यावर चिंचेखाली दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज. गाड्यांचे वजनानं बसलेले स्प्रिंगचे पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यायची, हे त्यांचं काम. निवासनं त्यांच्या हाताखाली चार वर्षं हात काळे केले. मग तो पुण्याला एका मोठ्या गॅरेजात गेला, जिथं हौशी लोकांच्या जीपा उंच करून देतात. तिथून येताना त्यानं दोन गोष्टी आणल्या. एक काळा चष्मा, आणि दुसरी, चाचांचं ज्ञान आता जुनं झालं ही खात्री.

"घासतं काय?" चाचांनी विचारलं.

"गाडी."

"गाडीत पुष्कळ काही असतं."

"खालून घासतं हो. ओढ्यातला तो टकल्या नाही का? त्याला. रोज सकाळी ठण्ण करून बसतं, अख्ख्या वाडीला ऐकू जातं."

टकल्या म्हणजे ओढ्याच्या वाटेत मधोमध बसलेला गुळगुळीत काळा दगड. वाडीनं त्याला नाव देऊन टाकलं होतं, कारण शिव्या द्यायच्या तर नाव लागतं.

चाचांनी बशी खाली ठेवली.

"सोमवारी वाडीची बैठक आहे," निवास म्हणाला. "पलीकडच्या गावात चारी चाकं ओढणारी नवी गाडी आलीय. लोक म्हणतात, तुझी गाडी आज ना उद्या ओढ्यात बसणार आणि आमचं दूध नासणार. दूध त्या गाडीला गेलं तर... आबांचं नाव आहे हो पाठीमागं लिहिलेलं."

त्याचा आवाज कापला. लाज वाटून त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"म्हणून म्हणतो, सहा इंच उचलू. पाटे आणि चाकांचा दांडा यांच्यामधे लोखंडी ठोकळे टाकायचे. दोन तासांचं काम. पुण्यात असल्या शंभर केल्यात मी."

चाचा उठले. भिंतीला मारून उरलेल्या चुन्याचा डबा कोपऱ्यात होता, तो त्याच्या हातात दिला.

"उद्या सकाळी हा टकल्याला फास. दाट फास. मग दूध भरून रोजच्यासारखा ये."

"चुन्यानं काय होणार?"

"पांढरं होईल."

*

रविवारी सकाळी निवास ओढ्यात वाकून दगडाला चुना फासत होता. शंभर गाड्या उचललेला माणूस, आणि हे काम. शेजारी बाळाबाई धुणं आपटत होती. वाडीत सगळ्यांत जास्त म्हशी तिच्या, त्यामुळे बैठकीत शेवटचा शब्दही तिचाच.

"काय रं, टकल्याचं लगीन काढलंस का?"

"चाचांनी सांगितलंय, आत्या."

"दस्तगीरनं व्हय? मग लाव बाबा. उगंच न्हाई सांगायचा त्यो."

निवासनं गाडी हाकली. दगड दोन चाकांच्या बरोबर मधे घेतला, जसा बाप घ्यायचा तसा. चाकं दोन्हीकडच्या चाकोऱ्यांत उतरली, आणि खालून आवाज आला.

ठण्ण.

"ग्येला आणि एक दिस गाडीचा," बाळाबाई म्हणाली आणि लुगडं पिळायला लागली.

डेअरीत दूध घालून निवास गॅरेजात आला. दोघं गाडीखाली सरकले. सायलेन्सर कोरडा. टाकी कोरडी. चुना लागला होता फक्त एका ठिकाणी: मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटाला.

"बघितलंत?" निवास खूश झाला. "घासतं ते घासतंच. उचलायलाच पाहिजे."

चाचांनी गोळ्याखाली हात उभा धरला. अंगठा जमिनीला, करंगळी गोळ्याला.

"एक वीत. आता जॅक लाव आणि उचल तुला पाहिजे तेवढी."

निवासनं गाडीच्या सांगाड्याला, चासीला, दोन्हीकडून जॅक लावले. गाडी हळूहळू वर आली, इंचभर, दोन इंच, चांगली चार इंच. लांब उभं राहून त्यानं बघितलं. गाडीला एकदम ऐट आली होती. आबांनी बघायला पाहिजे होतं, असं त्याच्या मनात आलं.

"झकास," तो म्हणाला.

"झकास," चाचाही म्हणाले. "आता तू मोज."

निवास खाली वाकला. अंगठा जमिनीला टेकवला. करंगळी...

करंगळी गोळ्याला लागली.

त्यानं हात काढला, पुन्हा लावला. एक वीत. चाचांची वीत तीच त्याची वीत. वरची सगळी गाडी आभाळाकडं निघाली होती. दांडा मात्र चाकांना धरून होता तिथंच, आणि गोळा दांड्याला धरून.

निवासनं काळा चष्मा काढून खिशात ठेवला.

"पुण्यात मोठी चाकं घालायचं काम दुसऱ्याकडं असायचं," तो हळूच म्हणाला.

"असेल."

"मग मोठी चाकं घालतो. चाक वाढलं की दांडा वर येईल."

"येईल की. पण ती मोठी चाकं ओढताना ओढ्यापुढच्या चढाला या म्हाताऱ्या इंजिनानं दम सोडला, तर दूध डोक्यावर आणशील?"

निवासनं जॅक उतरवायला घेतले. इतका वेळ त्याला राग येत होता, आता भीती वाटायला लागली. सहा इंचांचा बेत हातात होता तोवर सोमवार लांब वाटत होता.

"पाटे बसलेत, ते मी ठोकून देईन," चाचा म्हणाले. "पण ते तुझ्या कमरेसाठी. गोळ्याला त्याचं काही नाही. चल, ओढा दाखव."

*

ओढ्यापाशी पोचल्यावर चाचांनी पहिल्यांदा दुधाचे सगळे रिकामे कॅन ओढ्याच्या पाण्यानं भरायला लावले.

"कशाला?"

"रिकामी गाडी खोटं बोलते."

निवासनं बारा कॅन भरले, चढवले आणि घामाघूम होऊन काठावर बसला. बाळाबाई सकाळचं वाळलेलं गोळा करायला आली होती, ती मजा बघत उभी राहिली. चाचा वाटेकडं बघत होते. दगडाच्या दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या गेलेल्या, त्यांत घोट्याएवढं पाणी.

"हे कुणी खणलं?"

"खणलं कुणी नाही. सगळ्या गाड्यांच्या चाकांनी पडलंय. दगड मधे घ्यायचा म्हणजे चाकं तिथूनच जाणार."

"मधे घ्यायला कुणी सांगितलं?"

"आबांनी. मांडीवर बसवून गाडी शिकवली मला, तेव्हाच सांगितलं. त्यांची चाकं जुनी, फुटायची भीती. दगड मधे घे, चाक वाचव."

"तेव्हा घासायचं?"

"छे. तेव्हा टकल्या लहान होता. दरवर्षी वाढतोय. वाडीत कुणालाही विचारा."

"दगड वाढतो..." चाचा म्हणाले.

बाळाबाईनं मान हलवली. वाढतो म्हणजे वाढतो.

चाचांनी पायजमा वर खोचला आणि चाकोरीतून पलीकडं गेले. चपला भिजल्या, पायजम्यालाही पाणी लागलं. पलीकडं जाऊन ते वळले, आणि परत येताना त्यांनी पाय उचलून सरळ टकल्याच्या डोक्यावर ठेवला. मग दुसरा पाय. तिथंच उभे राहिले. निवास उठून चाकोरीत आला. एरवी त्याच्या खांद्याला लागणारा माणूस, आता त्याच्या बरोबरीला आला होता.

"चाचा, उतरा. चपला ओल्या आहेत, चुन्यावरून घसराल."

"मी किती उंच झालो रे?"

"उतरा आधी..."

"विचारतोय त्याचं सांग."

निवासनं चाचांच्या पायांकडं बघितलं. मग दगडाकडं. मग दोन्ही बाजूंच्या खोल गेलेल्या चाकोऱ्यांकडं, ज्या त्यानं आणि त्याच्या बापानं आणि वाडीवर येणाऱ्या प्रत्येकानं, दगड चुकवता चुकवता, दर पावसाळ्यात बोटबोट खाली नेल्या होत्या...

तो गाडीत जाऊन बसला.

चाचा उतरून बाजूला झाले. निवासनं पहिला गिअर टाकला. चाकोरीच्या तोंडाशी आल्यावर हात आपोआप जुन्या वाटेला वळायला लागले. लहानपणापासूनची सवय, आणि तीही बापानं लावलेली. त्याला खरंच वाईट वाटलं.

"आबा, आजच्या दिवस माफ करा," तो म्हणाला आणि त्यानं डावं चाक नेमकं टकल्यावर घातलं. उजवं चाकोरीबाहेरच्या उंचवट्यावर राहिलं.

गाडी डावीकडून वर आली. कॅन एकमेकांना टेकले. निवासनं पाय तसाच दाबून धरला. पुढचं चाक चढलं, उतरलं. मग मागचं चढलं, भरल्या वजनानं दगडाला धरून, आणि सावकाश पलीकडं उतरलं.

ओढ्यात पाण्याचा आणि इंजिनाचाच काय तो आवाज होता.

बाळाबाईच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. आवाजाची वाट बघून झाली, तरी ती आणखी थोडा वेळ थांबली.

"वाजलं न्हाई रं?"

"नाही आत्या." निवास खिडकीतून हसत होता. डोळे भरले होते आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. चष्मा खिशातच राहिला.

"म्हंजी उचललीस म्हणायची गाडी." बाळाबाई पुढं आली, वाकून खाली बघितलं, तिला काही कळलं नाही. "किती उचललीस? उद्या बैठकीत मला सांगाया लागंल. चार जण इचारतील."

निवासनं तोंड उघडलं. चार नाही, सहा नाही, आकडा कुठलाच येईना. त्यानं चाचांकडं बघितलं.

चाचा गवताला चपलेचा चुना पुसत होते.

"सांग तिला," ते म्हणाले, "टकल्याएवढी."