सतरा ओट्यांची फरशी

नव्या पेठेतली माणसं फरशीवरून चालायला तयार नव्हती, आणि महाराज ऐकायला तयार नव्हते!

वेशीबाहेर रणधवल महाराजांनी ही पेठ मोठ्या हौसेने वसवली होती. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला ओळीने सतरा घरं, मधे ऐसपैस रस्ता. आणि घरांच्या ओट्यांना लागून, पायी चालणाऱ्यांसाठी काळ्या दगडाची वीतभर उंच फरशी. पण फरशीवर वाळायचे पापड, बांधलेली असायची शेळी, आणि माणसं चालायची भर रस्त्यातून!

त्या दिवशी तर हद्द झाली. मुळ्याची जुडी हातात घेऊन एक गृहस्थ रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालला होता, आणि त्याच्यामागे महाराजांची बग्गी गोगलगायीसारखी सरकत होती. महाराज लालबुंद होऊन खाली उतरले.

"आठ दिवस! आठ दिवसांत सगळी पेठ फरशीवरून चालली पाहिजे. नाहीतर सतराच्या सतरा ओटे पाडून रस्ता रुंद करीन!"

"शिपाई उभे करू का, महाराज?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"शिपाई नको, दवंडी नको, दंड नको, कुंपण नको! माझ्या हौसेची फरशी आहे. लोकांनी आपल्या मर्जीनं चाललं पाहिजे!"

सगळी पेठ माना खाली घालून उभी. अशा वेळी शहाण्या माणसाने तोंड मिटून राहावं. पण गोजराबाई कासारणीचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

"अगंबाई, त्यात एवढं काय, महाराज!" ती बोलून गेली.

"असं? मग हे काम तुझं!" महाराज म्हणाले, आणि बग्गीत बसून निघून गेले.

गोजराबाई मटकन ओट्यावर बसली. हाच ओटा जाणार? नवरा बांगड्या घेऊन गावोगाव फिरायचा, घर सून सांभाळायची. गोजराबाईचा संसार म्हणजे हा ओटा! तांदळाचं सूप मांडीवर घेऊन ती सकाळपासून बसायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा प्रश्न ठरलेला. "कुठे निघालात? पिशवीत काय? जावई आले का? मग का नाही आले?" नुसती तीच नव्हे, सतराही ओट्यांवर अशाच बाया बसायच्या. गोजराबाई त्यांची म्होरकी.

गोजराबाई लागली कामाला. पापड उचलले, शेळी परसात हलवली, फरशी धुऊन आरशासारखी केली. कुणी चढेना! मग ओट्यावर उभी राहून हाका मारू लागली.

"या हो, इकडून या! दोन शब्द बोलू!"

लोक ओढ्याच्या अगदी काठाने पळायला लागले. एकाचा तर पाय घसरला.

सातव्या दिवशी ती डोक्याला हात लावून बसली. "सगुणा, या मेल्या फरशीत भूत शिरलंय का गं?"

सून सगुणा भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भूत फरशीत नाही, सासूबाई. ओट्यावर बसलंय."

"म्हणजे?"

"फरशीवरून गेलं की सतरा ओटे लागतात. सतरा वेळा 'कुठे निघालात' सांगेपर्यंत बाजार उठतो! मी स्वतः पाण्याला ओढ्याकाठून जाते."

गोजराबाईचा चेहरा पडला. आणि मग अचानक खुलला!

"अगं, मग सोपंच आहे की!"

आठव्या दिवशी महाराज आले आणि बघतच राहिले. अख्खी पेठ फरशीवरून चालली होती! मुळेवाला गृहस्थही. आणि रस्त्याच्या मधोमध, एकामागे एक सतरा पाट, सतरा बाया, सतरा सुपं!

"रस्ता का अडवला?" महाराज गरजले.

"अडवला कुठे? जाणारी बग्गी या अंगानं, येणारी त्या अंगानं. आज तुमच्या घोड्यापुढे कुणी आडवं आलं का?"

महाराज गडबडले. खरंच कुणी आलं नव्हतं. "पण लोक फरशीवर चढले कसे? धाक दाखवलास?"

"छे! मला कोण भितंय! सांगते ना. पण महाराज, एवढ्या उन्हाचे कुठे निघालात? चेहरा का असा सुकलाय? जेवण झालं नाही वाटतं? होणार कसं, राणीसाहेब महिना झाला माहेरीच! भांडण कशावरून झालं हो?"

सतराही सुपं थांबली. सतरा माना वळल्या.

महाराजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि बग्गीतून टुणकन उडी मारून फरशी गाठली!

"चढलात ना महाराज?" गोजराबाई ओरडली. "शिपाई नाही, दवंडी नाही, दंड नाही, कुंपण नाही. आपल्या मर्जीनंच चढलात ना?"

महाराज असे खदाखदा हसले की डोक्यावरचा मंदिल घरंगळून मुळेवाल्याच्या जुडीवर पडला.

"हरलो, बाई! ओटे राहतील. उलट रस्त्याच्या मधोमध तुम्हा सतराजणींना दगडी ओटा बांधून देतो, वर सावलीला कडुनिंब! आणि तुला चांदीचा चौरंग. फक्त एक अट, तो माझ्या वाड्यासमोर मांडायचा नाही!"

"नाही मांडत, महाराज! पण राणीसाहेब कधी येणार, तेवढं सांगून जा की!"

महाराज फरशीवरून, हसत हसत, वेशीपर्यंत पळाले.