राघूवाली आणि नकल्या कडा

एका गावात एक राघूवाली होती. वादळात घरट्यातून खाली पडलेली पोपटाची पिल्लं ती उचलून आणायची, त्यांना भिजवलेली डाळ भरवायची आणि ती मोठी झाली की बोलायला शिकवायची. पिंजरा तिच्याकडे नव्हताच. दारातल्या आंब्याला एक लांब दांडी टांगलेली होती, तिच्यावर सगळे राघू ओळीनं बसायचे.

तिचे राघू नुसतं 'मिठू मिठू' करणारे नव्हते. ज्याच्या घरी जायचं, त्याच्या कामाचं बोलणं ती त्यांना शिकवायची. विणकराच्या मागावर धागा तुटला रे तुटला, की त्याचा राघू ओरडायचा, "तार तुटली, थांब!" गवळ्याचा राघू सांगायचा, "वासरू सुटलं हो!" एकेक राघू तयार करायला अख्खा पावसाळा जायचा, तिचा घसा बसायचा. पण नवा राघू नव्या घरी पहिला शब्द बोलला, की तिला वाटायचं, जणू आपणच त्या घरी नांदायला आलो.

त्याच गावात एक हलवाई होता. त्यानं काय करावं? रानातून एक पोपट धरला आणि त्याचा पिंजरा विणकराच्या खिडकीला टांगून ठेवला. पोपटच तो! विणकराच्या राघूचं सगळं बोलणं त्यानं हळूहळू उचललं.

"फुकटात शिकला बघा!" हलवाई गावभर सांगत सुटला. "शब्द म्हणजे वाऱ्यावरची वरात. त्याला कुठला आलाय मालक?"

त्याचं बघून आणखी काही जणांनी तेच केलं. आंब्याखाली कुणी फिरकेना. राघूवालीचा जीव थाऱ्यावर राहिना. फांदी हलली तरी ती दचकायची. कुणीतरी आडून आपले शब्द चोरतंय, असंच तिला वाटायचं.

"आता बघतेच एकेकाला," ती म्हणाली.

तब्येत बघते म्हणून तिनं सगळे राघू परत मागवले आणि कुणाला न सांगता त्यांना एक नवंच शिकवलं. आपले शब्द दुसरीकडून ऐकू आले, की ओरडायचं, "चोर! या घरात चोर!" आणि मग दिवस मावळेपर्यंत चोच मिटून बसायचं. कामाचा एक शब्द बोलायचा नाही.

शेजारची कुंभारीण मडकं थापता थापता ऐकत होती. ती म्हणाली, "अगं, पण त्या पाखराला चोर कळायचा कसा?"

"चोर कशाला कळायला हवा? आवाज कळला की झालं."

"आणि आवाज भलत्याचाच निघाला, तर?"

"भलत्याचा कसा निघेल?" राघूवाली म्हणाली आणि तिनं ते बोलणं कानाआड केलं.

राघू आपापल्या घरी गेले. हलवाई पुन्हा पिंजरा घेऊन विणकराच्या खिडकीशी आला. त्याच्या पोपटानं 'तार तुटली' म्हटलं मात्र, आतला राघू कडाडला, "चोर! या घरात चोर!" आळी गोळा झाली. हलवाई एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या हातात धोतर सावरत पळाला. सगळं गाव पोट धरधरून हसलं.

संध्याकाळी विणकर मात्र तोंड पाडून आला. "बाई, चोर पळाला खरा. पण तुझा राघू दिवसभर मुका बसला. तार तुटत राहिली, मला पत्ताच नाही. लुगडं वाया गेलं की!"

"एवढं सोसा हो दादा. चोराला धाक बसला ना?" राघूवाली म्हणाली. किती दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याकाठी एक आंधळी आजी राहायची. मागच्या दारातून शेवाळलेल्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरायच्या. आजीनं हातानं चाचपून चाचपून एक मऊ गोधडी शिवली, राघूवालीला दिली आणि तिच्याकडून एक राघू मागून घेतला. त्यानं आजीच्या खांद्यावर बसायचं आणि पायरी आली की सांगायचं, "पायरी आहे हं आजी, जपून!"

राघूवालीची एक रीत होती. राघू नव्या घरी गेला, की दुसऱ्या सकाळी वाटीभर भिजवलेली डाळ घेऊन ती त्याला भेटायला जायची. तशी ती निघाली. ओढा जवळ आला आणि तिच्या कानावर आलं, "चोर! या घरात चोर!"

"सापडला!" ती हरखून धावत सुटली.

जाऊन बघते, तर पायऱ्यांवर आजी पाय धरून बसलेली. घोटा सुजलेला. घागर खाली ओढ्यात. राघू खांद्यावर, पण मुका. भोवती माणसं जमलेली आणि सगळ्यांत पुढं हलवाई.

"घ्या! आजीबाईसुद्धा आमच्यातलीच निघाली की!" तो म्हणाला. "कुणाचा पोपट शिकवत होतीस गं म्हातारे?"

आजी म्हणाली, "चोर कुठंय रे? त्याच्या भीतीनं मी गर्रकन मागं फिरले नि पाय निसटला. राघू मग काही बोललाच नाही." पावलांची चाहूल लागताच तिनं मान वळवली. "पोरी, तू आलीस होय? माझं काय चुकलं गं? राघूला माझं घर आवडलं नाही का?"

राघूवालीनं चहूकडे पाहिलं. दुसरा पोपट कुठंच नव्हता.

"चोर! चोर!" हलवाई टाळ्या पिटत ओरडला.

आणि ओढ्यापलीकडून उत्तर आलं, "चोर… चोर…"

समोर काळा कडा उभा होता. काहीही बोला, तो तेच परत बोलायचा, म्हणून गावातली पोरं त्याला 'नकल्या कडा' म्हणायची. लहानपणी तिनंही इथं उभं राहून त्याला वेडावलं होतं. राघू म्हणाला "जपून!" कडाही म्हणाला "जपून!" आणि राघूनं शिकवल्याप्रमाणे केलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. ती गप्प राहिली असती, तर दोष आजीच्याच माथी बसला असता. कड्याची साक्ष कोण काढणार होतं? पण आजीचा सुजलेला घोटा काही तिच्या नजरेआड होईना.

"आजी, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "राघूचंही नाही. असं ओरडायला त्याला मीच शिकवलं होतं. कड्यानं नक्कल केली आणि त्याला वाटलं, चोर आला."

"म्हणजे चोर तो कडा?" हलवाई खो खो हसला. "धरा की मग त्याला!"

"दादा, तुमचं चुकलंच," राघूवाली म्हणाली. "माझी मेहनत तुम्ही न विचारता उचललीत. पण तुमच्यावरचा राग मी पाखराच्या चोचीत ठेवला आणि तो आजीला लागला." हलवायाचं हसू तिथंच विरलं.

तिनं आजीला आधार देऊन घरात नेलं, घोट्याला हळदीचा लेप लावला. पाय बरा होईपर्यंत ओढ्याचं पाणी तीच भरत होती. सगळे राघू तिनं पुन्हा आंब्यावर आणले. शिकवण्यापेक्षा विसरवणं फार अवघड गेलं. 'चोर' हा शब्द एकदाचा पुसला गेला, तेव्हा त्या जागी तिनं अधूनमधून म्हणायला दुसरं शिकवलं, "आंब्याखालच्या राघूवालीनं शिकवलंय हं!"

आता कुणी नक्कल केली, तरी त्याचा पोपटसुद्धा तिचंच नाव घेऊ लागला. परगावचे लोक आंबा शोधत येऊ लागले.

एक दिवस खुद्द हलवाई आला, मान खाली घालून. "बाई, माझ्या पोपटाचं काहीतरी कर. कढईत पाक चढवला, की हा ओरडतो, 'तार तुटली, थांब!' पोरं घाबरून कढई खाली उतरवतात. पाक कच्चा, लाडू विस्कटलेले!"

राघूवालीला हसू आवरेना. "विणकराची तार वेगळी, तुमच्या पाकाची वेगळी. बसा, तुमच्या कढईचं बोलणं त्याला शिकवते." हलवाई मुकाट्यानं बसला आणि तेव्हापासून तिथं लाडवांचा द्रोण न चुकता यायला लागला.

आजी पुन्हा ओढ्यावर जाऊ लागली. राघू म्हणायचा, "पायरी आहे हं आजी, जपून!" कडा म्हणायचा, "जपून… जपून…"

"बघ गं," आजी हसून म्हणायची, "आता दोघं दोघं मला सांभाळतात!"

तात्पर्य: आपलं ते जरूर राखावं, पण ज्याला चोर आणि कडा यांतला फरक कळत नाही, त्याच्या हाती शिक्षा कधी सोपवू नये.