पाखरीच्या खुरातला खिळा

भाविकहो, वत्सलनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा बोरवंड गावी, नदीकाठच्या चिंचेखाली होता. त्या गावात भिवरा नावाची एक विधवा बाई राहत असे. मागेपुढे कुणी नाही. होती ती एक उतारवयातली घोडी, पाखरी. तिच्या पाठीवर गोण्या घालून भिवरा वाड्यावस्त्यांवर मीठ विकी, आणि परतताना ओंजळभर मीठ महाराजांच्या चुलीपाशी ठेवून जाई. देण्यासारखं दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

एकदा नवा नाल ठोकल्यापासून पाखरी लंगडू लागली. हळूहळू तिने मागचा उजवा पाय टेकणंच सोडलं, मग दाणाही सोडला. नाल ठोकला होता दौलतराव नालबंदाने. हा गृहस्थ एके काळी संस्थानच्या पागेत चाकरीला होता, आणि ती पागा अजून त्याच्या डोक्यातून उतरली नव्हती. भिवरा त्याच्या दारी जाऊन पदर पसरून म्हणाली, "दादा, खिळा आत जिवंत मांसाला लागला असंल. येवढा नाल काढून बघा की."

"मी ठोकलेला नाल मीच उखडू?" दौलतराव हसला. "राजाच्या घोड्यांनी कधी तक्रार केली न्हाई, आन् तुझी मिठाची घोडी करतीया व्हय? सोंग हाय ते. म्हातारी झालीय, दे रानात सोडून. लईच माया असंल तर तुझ्या महाराजाला सांग, अंगारा लावंल."

दुसऱ्या कुणा नालबंदाकडे जाण्याचीही सोय नव्हती. एकाच्या हातचा नाल दुसऱ्याने काढायचा नाही, अशी त्यांच्यात रीत होती. भिवरा रडतच चिंचेखाली आली. "म्हाराज, तिला रानात कशी सोडू? घरात मी बोलले तर कान देणारी ती येकलीच हाय."

महाराज उठले आणि तिच्या गोठ्यात गेले. कुणालाही जवळ येऊ न देणाऱ्या पाखरीने दुखरा पाय आपणहून त्यांच्या मांडीवर ठेवला. केवढा तो विश्वास मुक्या जिवाचा! महाराजांनी गरम पाणी मागवलं, त्यात भिवराचंच मीठ टाकलं, आणि खूर शेकत दिवसभर बसून राहिले. मधूनच विचारीत, "फार ठणकतं का गं, माये?" भिवराला वाटलं, आपल्याला काही विचारताहेत, पण ते घोडीशी बोलत होते.

उन्हं कलल्यावर त्यांनी दौलतरावाला निरोप धाडला. गंमत बघायला मिळणार म्हणून तो लगबगीने आला. गावही जमलं.

महाराज म्हणाले, "दौलतराव, आमचा हात या कामात कच्चा आहे. तुमचा खिळा तुम्हीच काढावा."

चारचौघांत नाही म्हणता येईना. दौलतरावाने पक्कड लावली आणि एकेक खिळा ओढला. शेवटचा निघाला तोही कोरडा. रक्त नाही, पू नाही. पाखरीने पाय टेकला आणि भिवराच्या पदरातले दाणे खाऊ लागली.

"बघा, सोंग हाय म्हनलं नव्हतं?" दौलतराव म्हणाला खरा, पण खिळ्याचं टोक आतल्या अंगाला, जिवंत मांसाकडे वळलेलं त्याला दिसलं होतं, आणि त्याने मूठ चटकन मिटून घेतली.

महाराज हसत उठू लागले, तो उजवा पाय टेकताच भिंतीला धरून थांबले. धोतराच्या काठाला रक्त लागलं होतं. तळव्याच्या बाहेरच्या कडेला खिळ्याएवढं भोक होतं, पाखरीच्या खुरात खिळा होता नेमकं तिथेच.

दौलतरावाच्या मुठीतला खिळा गळून पडला. "माझाच खिळा, महाराज," तो कसाबसा म्हणाला. "ती लंगडायला लागली तवाच मला कळलं हुतं." आणि त्या पायावर डोकं ठेवायला तो वाकला.

महाराजांनी त्याला खांद्याला धरून अडवलं. "अरे, त्यावर नको, अजून ठणकतो आहे. दुसऱ्यावर ठेव."

दौलतराव रडता रडता हसला, आणि त्याने दुसऱ्या पायावर डोकं ठेवलं. भिवराने मिठाचं पाणी पुन्हा तापवून आणलं. त्याने ते भांडं तिच्या हातून घेतलं, आधी तिच्या पायांना हात लावला, आणि मग राजाच्या पागेतला तो नालबंद महाराजांचा पाय मांडीवर घेऊन शेकत बसला.