ब्रेक आणि चुन्याची रेघ

सुगंधा परब शाळेची जीप चालवायची. घाटमाथ्यावरच्या वाड्यांतली चौदा मुलं ती रोज घाट उतरवून शाळेत आणायची. जीप वीस वर्षांची झाली होती आणि आता पॅडल तीनदा दाबल्याशिवाय ब्रेक लागेना. शेवटी तिने गाडी मैदानात उभी केली आणि किल्ली संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब खानविलकर यांच्यापुढे ठेवली.

अण्णासाहेबांना नकार ऐकायची सवय नव्हती. सगळ्या शिक्षकांसमोर ते म्हणाले, "तिसऱ्या दाबाला लागतो ना? म्हणजे ब्रेक आहे. उद्या गाडी काढा, नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

सुगंधाचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "काढते साहेब. फक्त आधी तुमच्यासमोर खात्री करून घेऊ."

तिने मैदानात चुन्याची रेघ मारली. "गाडी इथे थांबायला हवी. तुम्ही रेघेच्या पलीकडे उभे राहा, मी येते."

"डोकं फिरलंय का तुमचं? तिसऱ्या दाबापर्यंत गाडी माझ्या अंगावर येईल."

"येईल ना. पण तुम्हाला बाजूला उडी मारता येईल साहेब. आत बसलेल्या मुलांना कशी मारता येणार?"

अण्णासाहेब रेघेपासून मागे सरले आणि त्यांनी स्वतःच मिस्त्रीला फोन लावला.

चार दिवस मुलं एसटीने आली. पाचव्या दिवशी नव्या ब्रेकची जीप घाट उतरू लागली, तेव्हा सुगंधाशेजारी अण्णासाहेब बसले होते.