चाळीस पाकळ्या

“पूर्ण झालं की मोडायचं. आणि का मोडायचं, ते गुरूला विचारायचं नाही.”

“का विचारायचं नाही?”

“हेही विचारायचं नाही,” खोब्रागडे सर म्हणाले.

सर आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, पण समोरचा माणूस त्यांना अजून सातवीतलाच दिसतो.

बुद्धपौर्णिमेसाठी त्यांनी गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतून लामा थुपतेन यांना बोलावलं होतं. विहाराच्या सभागृहात रंगीत रेतीचं मंडल काढायचं होतं. नागपुरात आमच्या वस्तीत तसलं काही कुणी पाहिलं नव्हतं. लामाजींना मदतीला माणूस हवा होता. समितीत सगळ्यांचेच गुडघे दुखत होते, म्हणून मी.

लामाजी बहात्तर वर्षांचे. लहानपणापासून इकडेच वाढले, त्यामुळे बोली आमचीच.

“काय शिकली वं तू?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“बी.एस्सी. रसायनशास्त्र. प्रथम श्रेणी.”

“अरे वा. मग ती बादली उचल.”

मी बादली उचलली.

मे महिना, आणि पंखे बंद. एक झुळूक आली तरी सगळं उडेल. हातात पितळेची निमुळती नळी. तिच्या खरबरीत कडेवर दुसरी कांडी घासायची, की टोकातून रेती कणाकणानं उतरते. हळू घासली तर. मी घासली की भसकन पडायची.

“हे कशाचं चित्र आहे?” मी विचारलं.

“चित्र नाही. महाल आहे. करुणा असलेल्या बुद्धाचा. चार दारं, मधे कमळ, कमळावर तो.”

“मग खरा महाल कुठे आहे?”

“तू बसली तिथं. सरक जराशी, दार काढायचं आहे.”

मी सरकले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेरच्या वर्तुळातल्या कमळाच्या पाकळ्या दिल्या. एकूण चाळीस. बुडाशी गडद गुलाबी, टोकाला पांढरी. पहिल्या चार त्यांनी पुसायला लावल्या. पाचवी पाहून ते काही बोलले नाहीत, म्हणजे जमली. त्या दिवसापासून मी त्यांना ‘माझ्या पाकळ्या’ म्हणू लागले.

“लामाजी, मला सगळं मंडल शिकायचंय. दारं, कमळ, सगळं.”

“आषाढात वसाहतीत पुढचं काढणार आहो. ये.”

“नक्की?”

“हे मोडता आलं तर ये. न मोडणाऱ्याला पुढचं शिकवत नाही.”

एवढंच? मोडायला काय लागतं? मी घरी बॅग काढून ठेवली आणि सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलं.

लोक बघायला येऊ लागले. आधी वस्तीतले, मग शहरभरातले. वर्तमानपत्रात फोटो आला. मी त्यांना दारापाशी थांबवून सांगायचे, “सर्व अनित्य आहे. हे आम्ही मोडणार आहोत. आसक्ती हेच दुःखाचं मूळ. मागे सरका, पाकळ्यांवर श्वास टाकू नका!”

“चांगलं सांगतेस,” लामाजी एकदा म्हणाले. “मला एवढं नाही येत.”

मला ते कौतुक वाटलं.

नवव्या दिवशी, पौर्णिमेला सकाळी मंडल पूर्ण झालं. लामाजींनी प्रार्थना केली, घंटा वाजवली आणि एक रुंद, मऊ कुंचा माझ्या हातात दिला.

“बाहेरून आत. कर सुरू.”

तेवढ्यात खोब्रागडे सर आले. मागे समितीतले भानारकर काका. काकांच्या हातात चिकट गोंदाचा फवारा.

“भंतेजी, एक विनंती,” सर लामाजींना म्हणाले. “हे मोडायचं कशाला?”

मी सरांकडे बघतच राहिले.

“सर, हे विचारायचं नसतं ना?”

“तू मधे बोलू नकोस. भंतेजी, समितीचा ठराव झाला आहे. वरून हा फवारा मारायचा, म्हणजे रेती घट्ट बसेल. त्यावर काचेची पेटी. लोक कायम बघायला येतील. धम्माचाच प्रचार.”

“आणि पितळी पाटी,” भानारकर काका म्हणाले. “लामाजींचं नाव, समितीची नावं. आणि सगळ्यांत वर, कलाकार, कुमारी उत्पला मेश्राम, बी.एस्सी.”

कुंचा माझ्या हातात होता. चाळीस पाकळ्या समोर होत्या.

मी बरंच काही बोलायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं:

“कुमारी काढा. आणि बी.एस्सी.पुढे प्रथम श्रेणी लिहा.”

“लिहू की,” काका म्हणाले. “सुवर्णपदक असेल तर तेही लिहू.”

“ते नाहीये.”

“मग राहू दे.”

मी लामाजींकडे वळले. आषाढ डोळ्यांसमोर होता, आणि पाटीही. मला दोन्ही हवं होतं.

“लामाजी, असं चालेल का? हे ठेवू. पुढचं, वसाहतीतलं, मी नक्की मोडीन. अगदी पहिला कुंचा माझा.”

“चालेल ना,” लामाजी म्हणाले.

मला हायसं वाटलं. सरांना तर फारच. त्यांनी काकांना खूण केली. काकांनी फवारा हलवला.

“थांबा,” लामाजी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला. मग गुडघे धरत, कण्हत खाली बसले आणि मंडलाच्या बाजूला, उघड्या फरशीवर उताणे झोपले. हात पोटावर जुळवले. डोळे मिटले.

“भंतेजी? बरं वाटत नाही का?”

“एकदम चांगलं आहे. मारा.”

“काय मारा?”

“फवारा. मीही बरा जमलो आहो. बहात्तर वर्षं लागली, याला तर नऊच दिवस. दात दोनच गेले आहेत. आणखी बिघडायच्या आत पक्कं करून टाका.”

भानारकर काकांनी फवारा खाली घेतला.

“काच जरा लांब घ्या,” लामाजी म्हणाले. “पाय बाहेर राहतील.”

दारातल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या थांबल्या, पण त्यांचे खांदे हलतच राहिले.

“भंतेजी, उठा हो! लोक बघताहेत. तुमच्यावर कसा मारायचा? तुम्ही तर जिवंत आहात.”

“हाव?” लामाजींनी डोळे न उघडता विचारलं. “मग हे कधी मेलं?”

मी खाली बघितलं. माझ्या पायाजवळच्या पाकळीच्या टोकावर एक पांढरा कण होता. मी श्वास सोडला की तो हलायचा. श्वास घेतला की थांबायचा. इतके दिवस मी लोकांना श्वास टाकू नका म्हणत होते, आणि हा पठ्ठ्या माझ्याच श्वासावर डुलत होता.

“उत्पला,” सर म्हणाले, “त्यांना उठव. आणि कुंचा ठेव खाली. पाटी करायला टाकली आहे.”

“नाही ठेवणार.”

“काय?”

“पाटी नको, सर. काच नको. ते चिकट पाणी तर मुळीच नको.”

“समितीचा ठराव आहे! मोठ्या माणसांनी विचार करून—”

“विचार? सुरुवातीलाच मी ‘का’ विचारलं आणि तुम्ही मला गप्प बसवलंत. मी विचारलं, कारण मला ते करायचं होतं. तुम्ही आजपर्यंत विचारलंच नाही, कारण तुम्हाला ते करायचंच नव्हतं!”

“आवाज खाली कर.”

“नाही करणार.”

मी कुंचा टेकवला. पहिली पाकळी डोळे मिटून ओढली. दुसरीही. दहावीनंतर हात आपोआप चालायला लागला. गुलाबी निळ्यात गेलं, निळं हिरव्यात, पूर्वेचं दार आत कोसळलं, महाल बसला. शेवटी मधे एक ढीग उरला. बत्तीस रंग मी स्वतः मोजून दिले होते. ढीग नुसता राखाडी होता.

भानारकर काकांनी फवारा पाठीमागे लपवला. दारातल्या बायकांचे खांदेही थांबले. माझ्या उभ्या आयुष्यात आमच्या विहार समितीतली मोठी माणसं एकाच वेळी गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

मी सरळ उभी राहिले. कोपरापर्यंत रेती, कपाळावर घाम. छाती जेवढी फुगली होती, तेवढी प्रथम श्रेणी मिळाली तेव्हाही फुगली नव्हती.

“मोडलं, लामाजी!” मी म्हणाले. “सगळं. एकटीनं. सगळ्यांच्या देखत!”

लामाजी अजून फरशीवरच होते. त्यांनी एक डोळा उघडला. ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मस्त,” ते म्हणाले. “याची पाटी कुठं लावायची?”